बसले ती बसलेच

मागच्या रविवारी माहेरी गेले होते, शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी. भाचीचा साखरपुडा होता… आणि भर पाहुण्यांत मी संडासात अडकले. हसू येत असेल तर हसा, आता मलाही येतंय. तेव्हा आलं नव्हतं.

ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट संपून वर्ष झालं. केस आले, रिपोर्ट चांगले आले, म्हणून सगळ्यांच्या लेखी मी ठणठणीत. इथे जळगावात भाजी घ्यायला गेलं तरी कोणीतरी भेटतं आणि चेहऱ्यावर काय तेज आलंय म्हणतं. अहो, तेज आलं, पण मांड्यांतला जीव गेलाय त्याचं काय?

केमोपासून तळपाय बधिर आहेत. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, मागून कोणी हाक मारली की कळतं. डोळे मिटून तोंड धुवायला वाकले तरी तोल जातो… ऑपरेशनच्या बाजूच्या हातावर भार द्यायची सोय नाही. फिजिओने सांगितलेला खुर्चीतून उठण्याचा व्यायाम रोज करते, आणि रोज चिडचिड होते. या वयात उठायला शिकतेय मी.

घरी कमोड आहे, त्यामुळे माहेरी खाली बसावं लागतं हे लक्षातच नव्हतं. भावाने नुकत्याच चकाचक टाइल्स बसवल्यात. धरायला मात्र काही म्हणजे काही नाही. बसले ती बसलेच…

दोन-तीनदा जोर लावला, तर पायच लटपटायला लागले. बाहेर पाहुण्यांचा चहा चाललेला. शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि वहिनीला हाक मारली. आतून कडी लावायची नाही अशी नवऱ्याने ताकीद दिली होती, त्यावरून मी भांडलेही होते, पण त्यामुळेच तिला आत येता आलं.

वहिनीने बऱ्या बाजूने धरून मला उठवलं. ओट्यावर येऊन मी सगळ्यांसमोर रडले. भाऊ घाबरला. यापुढे तू येऊच नको, आम्हीच जळगावला येत जाऊ, म्हणाला. काळजीनेच म्हणाला, पण मला इतका राग आला… म्हणजे छाती गेली, केस गेले, आता माहेरही जाणार?

खाटेवर आबा बसले होते, माझे वडील. ऐंशी ओलांडलीय, फारसे बोलत नाहीत. ते एकदम म्हणाले, "माले बी उठता येत नही, माय. वावरमा निंबले धरीसन उठस मी."

घरात संडास असूनही आबा पहाटे शेतात जातात, म्हणून भाऊ त्यांच्यावर कायम करवादतो. हट्टी आहेत, जुनी सवय सुटत नाही म्हणतो. आबांना सवय सोडायची होती हो… पण गुळगुळीत टाइल्समध्ये कशाला धरून उठणार? शेतात निदान निंबाचं खोड तरी आहे.

माझ्या अशक्तपणाची जाडजूड फाइल आहे, म्हणून सगळे धावतात. आबांचं नुसतं वय झालंय. त्यांना कोण विचारतंय? मी तरी कुठे विचारलं होतं…

भावाने दुसऱ्याच दिवशी वेल्डर आणून भिंतीला लोखंडी दांडा बसवला आणि मला फोटो पाठवला. आता बिनधास्त ये, म्हणाला. जाणारच आहे. एवढ्याशा दांड्यासाठी एवढं रामायण व्हावं लागलं, याची चिडचिड अजून गेलेली नाही.

पण खरं सांगू, माझ्या मनातून आबा जात नाहीत. उभ्या जन्मात ते असलं काही चारचौघांत बोलले नसतील, तेही होणाऱ्या सोयऱ्यांसमोर. त्या दिवशी बोलले… लेक एकटीच लाजत बसली होती म्हणून.