अठरा मतांचा ड्रायव्हर

सातवीत शाळा सोडून मी कोकणातून वाशिम जिल्ह्यात आलो तो एका ट्रकबरोबर. ट्रक परत गेला, मी राहिलो. भाऊंनी मला त्यांच्या जीपवर ठेवलं, गोठ्याशेजारची खोली दिली, आणि वहिनींच्या स्वयंपाकघरातून दोन वेळचं ताट येऊ लागलं. भाऊ म्हणजे आमच्या पक्षाचे जिल्हाध्यक्ष, तीनदा बिनविरोध. सदस्यनोंदणी कमी पडली तेव्हा त्यांनी सगळं घर सदस्य करून टाकलं. त्या घरात मी धरला गेलो, याचं अजून बरं वाटतं.

चौथ्या खेपेला वरून निरोप आला, या वेळी मतदान झालंच पाहिजे. विरोधात उभं राहायला कोणी मिळेना. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

“तू उभा राय.”

“माझं काही चुकलं का, भाऊ?”

“चुकलं नाही रे. वरच्यायले लोकशाही दाखवा लागते. तू घरचा हायेस.”

अर्ज त्यांनीच भरला. मी सही केली. प्रचार एकाच जीपमधून झाला. एक उमेदवार गाडी चालवायचा, दुसरा शेजारी बसून काच खाली करायचा.

रिठदला भाऊंनी एका मतदाराला जवळ बोलावलं. “त्याले शून्य पडलं त बरं दिसत नाही, बाप्पा. तुहं मत त्याले टाक. कोनाले सांगू नको.”

“तुमी म्हनसान तसं, भाऊ.” माणूस फुलून गेला. भाऊंचा खास माणूस आपणच, असं त्याला वाटलं.

कामरगावातही तेच बोलणं झालं. मालेगावात पोचेपर्यंत अशी अठरा खास माणसं झाली. मतदार एकंदर सदतीस, भाऊ आणि मी धरून. माझी शाळा गणितातच सुटली होती, तरी मला घाम फुटला.

“भाऊ, जास्त होतील.”

“तुले राजकारन कळत नाही. धा जनायले सांगतलं त एक आयकते.”

पक्षाच्या इतिहासात पहिल्यांदाच सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांनी गुपितही पाळलं. निकाल वाचला गेला तेव्हा भाऊंना एकोणीस मतं होती आणि मला अठरा. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कोणाला कळेना. माझ्या गळ्यात कोणीतरी हार घातला. मी तो लगेच काढून भाऊंच्या गळ्यात घातला, पण तेवढ्यात फोटो निघाला होता.

बाहेर भाऊंनी हात पुढे केला. “चावी दे.”

मी दिली. खोली, ताट, सगळं त्या चावीला अडकलेलं. आता ट्रकही नव्हता परत जायला.

“तू कोनाले टाकलं?”

“तुम्हालाच, भाऊ. आईशप्पथ.”

त्यांनी मनात बेरीज केली. मग वजाबाकी केली असावी, कारण चेहरा उतरला. मी स्वतःला मत दिलं असतं तर ड्रायव्हरच जिल्हाध्यक्ष झाला असता. त्यांना त्याची भीती वाटली असेल, पण माझ्याएवढी नाही.

“म्हन्जे तुह्या मतानं आलो मी?”

“नाही हो, भाऊ! तुमच्याच पुण्याईनं.”

त्यांनी जीपकडे पाहिलं. मग चावी माझ्या अंगावर फेकली. “सकाळी सातले गाडी काढ. गावोगाव आभार मानाले जाच हाय.”

रात्री ताट आलं. त्यात नेहमीपेक्षा एक पोळी जास्त होती. मी ती वहिनींच्या नावानं खाल्ली.

सकाळी जीप पुसून दार उघडून उभा राहिलो. भाऊ आले, पुढची सीट सोडून मागे बसले. तेव्हापासून ते मागेच बसतात. मी आरसा जरा खाली केलाय. त्यात त्यांचे डोळे दिसतात, आणि ते रस्त्याकडे नसतात.