उंदरासाठी आणलेली धीराची गोळी

आयुष्यात माझी सगळ्यात मोठी फजिती कुणी केली म्हणाल? एका पांढऱ्या उंदरानं! हसताय काय, ऐका तरी.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी नळदुर्गच्या शाळेत विज्ञान शिकवायचो, तेही हंगामी. इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला येणार आणि त्यांचा शेरा चांगला पडला तरच मी कायम होणार. मग काहीतरी जंगी दाखवायला नको?

माझा मेहुणा सोलापुरात डॉक्टर. त्याच्याकडून दोन पांढरे उंदीर आणले आणि भीती घालवणाऱ्या नव्या गोळ्या. टेबलाएवढ्या उंचीवर लांब फळी ठोकली. अर्धीला दोन्ही बाजूंनी आडोसा, अर्धी उघडी. उंदीर घाबरून आडोशातच बसतो. गोळी दिली की बिनधास्त उघड्यावर येतो. असा प्रयोग!

आदल्या दिवशी मी एका उंदराला, गोळी न देताच, फळीवर सोडून पाहिलं. म्हटलं, तालीम झालेली बरी!

दुसऱ्या दिवशी साहेब आले, हेडमास्तर आले. त्याच उंदराला गुळाच्या पाण्यातून गोळी पाजली, अर्ध्या तासानं फळीवर सोडला. पठ्ठ्या आडोशाला जो चिकटला, तो हलेचना!

"गोळ्या खराब दिसतात," साहेब म्हणाले.

"छे छे, साहेब! एकदम ताज्या!" म्हणत मी दोन गोळ्या स्वतःच गटकन गिळल्या. काय म्हणावं या अकलेला?

दारातून गुंडप्पा चपराशी म्हणाला, "सर, खाली किती खोल हाय ते त्यानं कालच बघून ठिवलंय. आता गोळी काय करती? कोरा उंदीर घ्या की."

मला राग आला, पण साहेबांना पटलं. दुसऱ्याला गोळी पाजली, चहा मागवला. चहा संपून गप्पाही संपल्या, तेव्हा त्याला सोडला. आणि काय सांगू, बाजारात निघाल्यासारखा उघड्या फळीवर चालत गेला!

साहेब खूश. "वा! एकंदरीत शाळा कशी चाललीय, गुरुजी?"

पण तोवर माझ्या गोळ्या चढल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी ऐसपैस बसलो.

"शाळा? साहेब, हा चुना तुमच्यासाठी कालच मारलाय. तो सूक्ष्मदर्शक मागून आणलेला. आणि गेल्या वर्षी तुम्ही फळ्यावर सोडवलेलं गणित चुकलं होतं. पोरं अजून हसतात!"

हेडमास्तरांचं तोंड खडूसारखं पांढरं. मला मात्र लई हलकं वाटत होतं!

साहेबांनी खिशातून पेन काढलं. शेरेबुकात लिहिलं आणि निघाले. संध्याकाळी गोळ्या उतरल्यावर मी ते उघडलं.

"गोळीचा परिणाम प्रत्यक्ष पाहिला. पहिल्या उंदरावर अजिबात नाही, दुसऱ्यावर चांगला, शिक्षकावर सर्वोत्तम. यांना आणखी एक वर्ष हंगामीच ठेवावे."