सदतीस नंबरचे मोजणीकाका

किसनकाका चालायचे कमी आणि मोजायचे जास्त. लग्नाला गेले की आधी मांडव पावलांनी मापून घ्यायचे आणि मग नवरीच्या बापाला सांगायचे, "दोनशे माणूस पंगतीले बसन, बाकीच्याइले उभं राहा लागन." माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा रामराम करायच्या आधीच म्हणाले, "मास्तर, तुमचा ओटा वीतभर रस्त्यात हाये." मला रागच आला. दुसऱ्या दिवशी कुणी पाहत नाही असं बघून मी टेप लावला, तर ओटा खरंच वीतभर पुढे होता. उभा जन्म जमीनमोजणीच्या नोकरीत गेलेला माणूस तो. गाव त्यांना मोजणीकाकाच म्हणायचं.

आमचं गाव रिठदच्या पुढे. गावातून मागच्या वावरांकडे जाणारा पांदण रस्ता होता, म्हणजे नकाशात होता. जमिनीवर तिथे बबनरावांची तूर होती आणि तुरीच्या तोंडाशी बाभळीच्या काट्यांचा ढीग. पलीकडच्या अकरा घरांचं सोयाबीन धुऱ्याधुऱ्याने, वावरांच्या बांधांवरून, डोक्यावर बाहेर यायचं, मळणीयंत्र काही आत जात नसे. काका निवृत्त झाल्यापासून अर्ज करत होते. प्रत्येक अर्जाची पोच मिळायची, रस्ता तेवढा मिळायचा नाही. "रस्ता आपोआप नाई मरत, मास्तर, त्याले रोज थोडं थोडं मारा लागते," असं ते म्हणायचे. आम्ही 'खरं आहे, खरं आहे' म्हणायचो आणि संध्याकाळी बबनरावांकडे चहाला जायचो.

मग एका ऑक्टोबरात तालुक्याच्या एका साहेबांना पर्यटनाचा झटका आला. शनिवारी तलावाच्या काठी तंबू ठोकून मुक्काम आणि रविवारी टेकडीवरून सायकलींची शर्यत, असा बेत ठरला. शहरातून हौशी मंडळी आली. ज्या ज्वारीच्या भाकरीसाठी आमची पोरं नाक मुरडतात, तिचे त्यांनी फोटो काढले. आयोजक पोरांनी शर्यतीचा मार्ग सरकारी नकाशावरून आखला होता. सरकारी नकाशावर एवढा विश्वास ठेवणारी माणसं काकांनंतर मी प्रथमच पाहिली. त्यामुळे शर्यत आली ती थेट बबनरावांच्या तुरीत.

आता नाही कसं म्हणायचं? बबनरावांना स्वागताध्यक्ष केलं होतं, फेटा बांधलेला त्यांचा फोटो फलकावर साहेबांच्या शेजारी होता. वर्षानुवर्षं न हललेले काटे एका सकाळी हलले. शेवटच्या स्पर्धकामागून रुग्णवाहिका न्यायची असल्यामुळे तुरीच्या दोन ओळी उपटून रस्ताही चांगला ऐसपैस करावा लागला. बबनराव मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. शेवटची सायकल गेली की काटे परत टाकायचे, असं त्यांनी गड्याला बजावून ठेवलं होतं. तिकडे अकरा वावरांत सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून, पडलेलं आणि आभाळ भरून आलेलं. भिजलं असतं तर वर्ष गेलं असतं.

काकांनी नियमांचा कागद मागवून घेतला आणि चष्मा पुसून दोनदा वाचला. त्यात साहेबांच्या सहीनिशी लिहिलं होतं की शेवटचा स्पर्धक पोहोचेपर्यंत मार्ग कोणीही बंद करू नये. वयाची अट नव्हती, ती कुणाला सुचलीच नव्हती. पासष्टीतल्या काकांनी नाव नोंदवलं, रीतसर तंबू घेतला आणि नोकरीतली सायकल काढली. छातीवर नंबर लागला सदतीस. वेळ नोंदायला अर्थातच मी. मास्तर या प्राण्याला कुठलंही काम सांगता येतं. मी हसून विचारलं की काका, या वयात बक्षीस घेता काय? त्यांनी नियमांचा कागद घडी करून खिशात ठेवला.

छत्तीस सायकली फुफाटा उडवत निघून गेल्या. काका टंगळमंगळ करत पांदणीत शिरले, मधोमध उतरले आणि सायकल उभी करून खाली बसले. मागे रुग्णवाहिका थांबली. काकांनी ती अदबीने बाजूला घ्यायला लावली आणि तिच्या जवळून पहिलं मळणीयंत्र आत गेलं. आयोजक पोरगा धावत आला, काका, दमलात, गाडीत बसा म्हणाला.

"गाडीत बसलो तं मी बाद," काका म्हणाले. "मी बाद तं शर्यत खतम. शर्यत खतम तं काटे आले. मंग सांग बाबू, कायले बसू?"

पोरगं भलं होतं. त्याने कागद पाहिला, काकांकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली देऊन तो परत गेला. बक्षिसं वाटली गेली, पाहुणे गेले, तंबू उठले. काकांचा तंबू तेवढा पांदणीत लागला. बबनराव साहेबांकडे गेले तेव्हा साहेब कचाट्यात सापडले. रस्ता बंद करा असं लिहून द्यावं, तर तो उघडा होता हे लिहावं लागणार, आणि मग इतकी वर्षं बंद कुणी केला, हा प्रश्न येणार. साहेबांनी फाईल बाजूला ठेवली. तीन दिवस मळणी चालली. चौथ्या दिवशी पाऊस आला तेव्हा अकराही घरांचं सोयाबीन छपराखाली होतं.

काका त्यानंतर दुसऱ्या वाटेने घरी गेले. शेवटच्या रेषेकडे ते कधी फिरकलेच नाहीत. वेळ नोंदणारा म्हणून दर दोन-चार महिन्यांनी मला साहेबांच्या कचेरीतून पत्र यायचं, अंतिम निकाल कळवा म्हणजे प्रकरण बंद करता येईल. दर वेळी मी काकांना विचारून लिहायचो, 'स्पर्धक क्रमांक ३७ अद्याप मार्गावर आहेत.' काका हसायचे. "घाई कायची हाये मास्तर? येऊन राह्यलो म्हना हळूहळू." रस्ता उघडा होता. तुरीच्या दोन ओळी पुन्हा पांदणीत आल्या नाहीत.

या पौषात काका झोपेतच गेले. एवढा मोजूनमापून चालणारा माणूस असा न सांगता गेला, याचा मला अजून राग येतो. तेरवीच्या जेवणात बबनरावांनी मला प्रेमाने दुसरा लाडू वाढला आणि हळूच म्हणाले, "मास्तर, आता तं शर्यत संपली म्हना की." त्याच आठवड्यात पत्रही आलं. मी दोन दिवस ते उशीखाली ठेवलं. नोकरीची चार वर्षं राहिली आहेत, बबनराव शाळा समितीवर आहेत, आणि मी काही शूर माणूस नाही.

तिसऱ्या दिवशी उत्तर लिहायला बसलो. स्पर्धक क्रमांक ३७ अद्याप मार्गावर आहेत. खाली पूर्ण नाव घालून सही केली आणि या वेळी पोच मागून घेतली.