चिमीच्या श्वासाचं रेकॉर्डिंग

आता कुठून सुरू करू? आधी हातातला चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. लेकीच्या डॉक्टरांपुढे मी जे दिवे लावलेत ना, ते सासरी अजून विझलेले नाहीत!

बायको बाळंतपणाला माहेरी, घिवलीला. मी इकडे सरावलीला, तारापूरच्या कारखान्यात कामाला. चिमी महिन्याची होत आली आणि श्वास आत घेताना चूं-चूं वाजायला लागली. पालघरच्या घशाच्या डॉक्टरांनी बारीक नळीतून बघितलं. म्हणाल्या, "लॅरिंगोमलेशिया. स्वरयंत्राचा वरचा भाग अजून मऊ आहे, श्वासासरशी आत ओढला जातो, म्हणून वाजतं. बहुतेक बाळांचं वाढता वाढता जातं. दूध वर येतं ना? तेही याच्या जोडीला असतं, पाजल्यावर उभं धरा. पण ओठ निळे पडले, श्वास अडला, तर लगेच या. आणि आवाज बदलला तर मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा."

रेकॉर्डिंग? अहो, हे तर माझं खातं! कारखान्यात मशीनच्या आवाजावरून बिघाड सांगतो मी.

सुट्टीला घिवली गाठली. सासूबाईंनी बोंबलाचं कालवण असं वाढलं, की विचारू नका. जेवण झाल्यावर बायकोला म्हटलं, "तू जरा पड. चिमीकडे मी बघतो." शेजारी चिमी, मध्ये मोबाईल, रेकॉर्डिंग चालू. मी नुसते डोळे मिटले हं!

संध्याकाळी बायकोला ऐकवायला मधूनच लावलं. काय ऐकतो? घर्रर्र... घर्रर्र... मग एकदम शांतता. आणि मग फुस्सकन स्फोट!

"अहो, श्वास थांबतोय तिचा!" बायको पांढरीफटक. घाबरलो मीही. पण मी पडलो बाप, दाखवतो कशाला!

सासूबाई म्हणाल्या, "अवो, पोर तं मजेत हाय. आनि जावईबापू, दुपारी तुमी तं..."

"आई, तुम्ही मध्ये बोलू नका. मला आवाजातलं कळतं!"

रिक्षा केली, थेट पालघरला. "भैया, जल्दी! बच्ची की साँस का मामला है!" बच्ची सासूबाईंच्या मांडीवरून टकामका बघत होती.

डॉक्टरांनी चिमीला नीट तपासलं. "रंग छान, छाती ओढली जात नाही, वजनही वाढलंय. काळजीचं काही दिसत नाही."

"दिसत नाही, पण ऐकू येतं ना, डॉक्टर!" मी आवाज पूर्ण वाढवून मोबाईल टेबलावर ठेवला.

घर्रर्र! बाहेर बसलेल्या आया दारातून डोकावल्या. शांतता आली तशा डॉक्टरांच्याही भुवया चढल्या. मी बायकोकडे बघितलं. म्हणत नव्हतो?

तेवढ्यात मोबाईलमधून सासूबाई बोलल्या, "अवो जावईबापू, उठा! चा झाला!"

घरघर तिथंच बंद. पाठोपाठ माझाच पेंगुळलेला आवाज, "जागाच आहे मी!"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. बायको आधी रडली की हसली, मला अजून कळलेलं नाही.

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "मागे बारीक चूं-चूं येते ना, ती बाळाची. ती ठीक आहे, पुढच्या महिन्यात दाखवा." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "झोपेत श्वास थांबतोय तो तुमचा. तुम्ही उद्याच या. आणि हो, सोबत कुणीतरी मोठं माणूस घेऊन या!"