वाकडी करंगळी

फुलवंताकाकी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होते. काकी तापातून उठल्यावर चार दिवस विसाव्याला म्हणून सालेकशाला लेकीकडे गेल्या होत्या. फोन तिचाच, मीराचा. "आई गेली मॅडम. सकाळी चहा घेतला, आडवी झाली, अन् उठलीच नाही..." खरं सांगायचं तर पहिल्यांदा रडू आलं नाही. मनात आलं, दिवाळी तोंडावर आली, आता ओसरीची भिंत कोण लिंपणार? रडू आलं ते नंतर, रिक्षात बसल्यावर. तेरवीच्या जेवणानंतर सरपंचभाऊंनी मला बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "घर लिंपाल तेव्हा भिंतीवरचा तेवढा खालचा हाताचा ठसा पुसून टाका. घरावर पाटी लागणार, बाहेरचे लोक येतील. खोटं नको." मीराकडे पाहिलं तर ती म्हणाली, "तुमीच ठरवा. आईचा जीव तुमच्यावर होता." तेव्हापासून मला धड झोप नाही.

मुर्रीच्या पुढे, रस्त्याला लागून आमचं गाव. काकींचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर रस्त्यावरच, माझं त्याच्या मागे. आज ते उंच उडीच्या वैशालीचं घर म्हणून ओळखलं जातं. परदेशातून पदक घेऊन आली ती वैशाली इथंच वाढली. पण तिचं नाव व्हायच्या कितीतरी आधी, तिच्या सरावासाठी तिचे आईवडील नागपूरला गेले आणि घर काकींना विकून गेले. काकी आणि त्यांचे यजमान दुसऱ्याची धानाची शेती ठेक्याने करायचे, दुसऱ्याच्याच घरात राहायचे. स्वतःच्या नावाचा उंबरठा त्यांना इथे पहिल्यांदा मिळाला. घरात पाय ठेवल्या ठेवल्या काकींनी पहिलं काय केलं असेल तर छुई, म्हणजे आमच्याकडची पांढरी माती, भिजवून सगळ्या भिंती लिंपून काढल्या. जुन्या मालकाची एक खूण ठेवली नाही. पुढे काकींचे यजमान वारले, मीरा सासरी गेली, आणि घरात काकी एकट्या उरल्या. पण दिवाळीचं लिंपण कधी चुकलं नाही.

मग वैशाली पदक घेऊन आली आणि कुठल्याशा मुलाखतीत बोलून गेली, की दर दिवाळीला आई ओसरी लिंपायची तेव्हा मी गेरूत हात बुडवून उडी मारायची आणि भिंतीवर ठसा उमटवायची. दरवर्षी ठसा थोडा वर जायचा. झालं. लोक गाड्या घेऊन यायला लागले. नागझिऱ्याला वाघ पाहायला निघालेले वाटेत आमच्याकडे थांबायचे आणि दारात उभं राहून विचारायचे, "वैशालीचं घर हेच ना?" काकी धान पाखडता पाखडता मान वर न करता म्हणायच्या, "वैशालीचं होतं. आता फुलवंताचं हाय. पानी पाह्यजे तं सांगा, घर नोका विचारू." ठसा कुठे आहे विचारलं की सूप आपटायच्या. मला त्यांचं हसू यायचं, आणि थोडी भीतीही वाटायची.

रस्ता रुंद करायचं ठरलं तेव्हा मात्र सगळंच उलटं झालं. लाल रंगाची खूण काकींच्या ओसरीच्या खांबावर आली. ओसरी गेली असती तर मागचं मातीचं घर एक पावसाळाही उभं राहिलं नसतं. गावाने समिती केली. घर वैशालीची आठवण म्हणून जपावं, रस्ता पलीकडच्या पडीक जागेकडे सरकवावा, अशी मागणी केली. रस्त्याचे साहेब पाहणीला आले, भले गृहस्थ होते. म्हणाले, "नुसत्या आठवणीसाठी रस्ता वळत नाही हो. तो हाताचा ठसा दाखवा, म्हणजे मला वर बोलता येईल." काकी खांबाला टेकून ऐकत होत्या. साहेब गेल्यावर मला म्हणाल्या, "घर माहं हाय ना मास्तरीन? मंग माहं हाय म्हणून कोनी ठेवत काऊन नाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध द्यायला गेले तर ओसरीच्या भिंतीवर गेरूचा ठसा. ओला. काकी विळी घेऊन भाजी चिरत बसलेल्या, नखांच्या कडा लाल. आणि ठशाची करंगळी बाहेर वाकलेली, काकींच्या करंगळीसारखीच. धान कापताना विळा लागून ती वाकडी झाली होती. मी एकदा भिंतीकडे, एकदा त्यांच्या हाताकडे पाहिलं. "काय पाहून रायली वो? कधी हात नाई पाह्यला काय?" म्हणाल्या, आणि हात पदराखाली गेला. दुपारपर्यंत गाव गोळा झालं. समितीतले एक काका चष्मा पुसून म्हणाले, उडीच्या जोरात बोट वाकलं असणार, बघा काय झेप असेल पोरीची! मला हसावं की रडावं कळेना. जी बाई वैशालीचं नाव दारात घेऊ देत नव्हती, तिला आपलं घर वाचवायला ते वैशालीचं आहे म्हणून सांगावं लागत होतं.

साहेबांनी वैशालीलाच बोलावलं. ती हो म्हणेल की नाही यावर घर उभं राहणार होतं. ते दिवस काकींनी कसे काढले ते मी पाहिलंय. जेवण अर्धं टाकायच्या, मोटारीचा आवाज आला की उठून उभ्या राहायच्या. "पुसून टाका काकी, अजून वेळ आहे," मी एकदा म्हटलं. "अन् मंग? कोठी जाऊ?" एवढंच म्हणाल्या.

वैशाली आली. उंच, थोडी लंगडत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ओसरीवर ही गर्दी. ती ठशासमोर उभी राहिली, आपला पंजा त्यावर टेकवला. बोटं वर उरली, करंगळी कुठल्या कुठे. तिने वळून काकींकडे पाहिलं. काकींचे दोन्ही हात पदरात. साहेब म्हणाले, "हाच ना मॅडम?"

"नाही साहेब. हा माझा नाही."

सरपंचभाऊंनी डोळे मिटून घेतले. काकी खाली बसल्या, खांब धरून. "मीच ठेवला बाई," त्या म्हणाल्या. "घर जाऊन रायलं माहं."

वैशाली म्हणाली, "माझा याच्या वर होता काकी. एवढ्यावर तर माझी आई बिनउडीची पोचायची." आवाजात राग नव्हता, पण अभिमान दुखावल्यासारखा वाटला खरा. काकी म्हणाल्या, "तो मी घरात आल्या आल्याच पुसला." "पुसला की वरून लिंपलं?" "लिंपलं." "मग उलथनं द्या." ती स्टुलावर चढली, भिंतीवर हात फिरवत एका जागी थांबली आणि खरवडायला लागली. पांढरं निघालं. त्याखाली पिवळट पांढरं. मग निळसर थर. काकी खालून पुटपुटल्या, "त्या साली नीळ जास्त पडली होती..." पुन्हा पांढरं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. आणि मग लाल. आधी दोन बोटांची टोकं, मग तळव्याची कड. काकींना वाटत होतं, आपण तो कायमचा घालवला. तो वर्षावर्षाच्या लिंपणाखाली तसाच जपला गेला होता. साहेब स्वतः स्टुलावर चढून पाहून आले. रस्ता पलीकडे सरकला.

निघताना वैशालीने काकींचा हात पदरातून ओढून बाहेर काढला, करंगळी पाहिली आणि म्हणाली, "कशाने झाली?" काकींनी सांगितलं. दोघी बराच वेळ तिथेच बसून होत्या, काय बोलल्या ते काकींनी मला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर आपला ठसा पुसायचा म्हणून काकी दर दिवाळीला छुईची बादली घेऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "रावू दे, पुढच्या साली पाहू." लाज वाटायची त्यांना त्याची. पण वैशालीचा ठसा उंचावर. तिथे कुणाचा हात पोचत नाही. येणारा जाणारा त्याचा फोटो काढतो आणि तळवा टेकवतो तो खालच्या ठशावर. काकी ओसरीवरून ओरडायच्या, "हात धुऊन लावा."

काल मी छुई भिजवली. सगळी ओसरी लिंपत खालच्या ठशापाशी आले आणि थांबले. सरपंचभाऊ दारात येऊन उभेच होते. "काऊन थांबल्या मॅडम?" मी ओलं फडकं त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "ही बाई नसती तर वरचा हातही राहिला नसता. पुसायचा तर तुम्ही पुसा." त्यांनी फडकं धरलं, मग ते बादलीत सोडून दिलं. "पाटीवर काय लिहू मंग?" "दोघींची नावं लिहा," मी म्हटलं.

ते गेल्यावर मी हात धुतले आणि काकींच्या ठशावर तळवा ठेवला. चार बोटं बरोबर बसली. माझी करंगळी सरळ आहे, ती काही बसली नाही.