पुढच्या आढाव्याची तारीख

आमच्या विद्यापीठाचे सगळे नियम तेव्हा चार लोखंडी कपाटांत आणि एका माणसाच्या डोक्यात होते. माणूस म्हणजे विद्यार्थी विभागाचे हेडक्लार्क. गुजराती, निवृत्तीला टेकलेले, शिपायापासून प्राध्यापकापर्यंत सगळे त्यांना काका म्हणायचे. कोणी काही विचारलं की ते क्षणभर डोळे मिटायचे आणि सांगायचे, तिसरं कपाट, खालचा खण, पिवळी फाईल. आणि कागद तिथेच सापडायचा. मला याचा भयंकर राग यायचा. अरे, हे विद्यापीठ आहे की वाण्याचं दुकान? उद्या या माणसाला ताप आला तर काय सगळ्यांनी हात जोडून बसायचं?

म्हणून नियमांचं पोर्टल बनवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी हरखले, खोटं कशाला बोलू. मी लिंबायतच्या, खानदेशातून आलेल्या कामगारांच्या गल्लीत वाढलेली. वडील लूमवर कापड विणायचे, घरात अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी. कॉम्प्युटर विभागात नोकरी लागून सहा वर्षं झाली होती, पण तोवर माझं काम म्हणजे साहेबांचे प्रिंटर चालू करून देणं. त्या दिवशी रजिस्ट्रार साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाले, "नियमोनुं पोर्टल आ बेन बनावशे." सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. घरी जाताना मी पाव किलो जिलेबी घेतली होती.

काम मी जीव तोडून केलं. प्रत्येक नियमाला एक पान. कोणी केला, कोणी मंजूर केला, कोणत्या विभागाचा, आणि पुढच्या आढाव्याची तारीख. नियम चालू असेल तर वर हिरवी पट्टी. तारीख उलटली आणि विभागानं आढावा घेतला नाही, तर नियम आपोआप यादीतून बाहेर. जुनाट नियम वर्षानुवर्षं लोंबकळत राहतात ना, त्यावर मला उपाय हवा होता. शिवाय कोणी काही बदललं की नाव आणि वेळ नोंदली जायची, म्हणजे कोणाला गुपचूप हात मारता येऊ नये. या नोंदीचा मला फार गर्व होता. ज्याला त्याला दाखवत सुटले होते.

कपाटं उपसायला काका रोज दुपारी माझ्या शेजारी येऊन बसायचे. एकदा त्यांनी एक पिवळा पडलेला कागद काढला, टाइप केलेला, गुजराती. विद्यार्थ्याचे आई किंवा वडील वारले तर तेरा दिवसांपर्यंतची गैरहजेरी धरू नये. खाली कुठल्याशा जुन्या रजिस्ट्रारची सही. मी सगळं भरलं आणि आढाव्याच्या रकान्याशी येऊन थांबले, कारण कागदावर तसलं काहीच नव्हतं. रकाना रिकामा ठेवला की माझाच फॉर्म लाल अक्षरांत ओरडायचा, तारीख टाकल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

"इसमें तारीख क्यों, बेन?" काका म्हणाले. "लोग मरना बंद करनेवाले हैं क्या?"

मी खो खो हसले. टायपिंग करणाऱ्या दोघी पण हसल्या. बिनतारखेच्या कागदांचा हा ढीग होता. मी त्या दोघींना सांगितलं, सरळ आजपासून एक वर्ष टाका आणि चला पुढे. तारीख जवळ आली की आठवणीचे ईमेल कुठे जावेत, तर विद्यार्थी विभागाच्या सामाईक पत्त्यावर. तो पत्ता काका बघायचे. चार महिन्यांनी काका शाल आणि श्रीफळ घेऊन घरी गेले आणि पासवर्ड त्यांना कोणी विचारला नाही. मीही नाही.

पोर्टल सुरू झालं तेव्हा सगळ्या खिडक्यांवरच्या क्लार्कांना मी दोन दिवस शिकवलं. अगदी ठासून सांगितलं, "हिरवं असेल तेच खरं. तोंडी कोणी काहीही सांगू दे, ऐकायचं नाही. आता काका नाहीत, पोर्टल आहे." टाळ्या वाजल्या. ते वाक्य मला अजून पाठ आहे.

आमच्या गल्लीत, दोन घरं सोडून, एक पोर राहायची. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, आमच्याच विद्यापीठात. तिला तिथे मीच घातली होती. तिचा बाप लूमवर, आई घरी बसून साड्यांचे धागे कापणारी, त्यांना ही एकुलती एक. बापाला शिकवायची हौस दांडगी. पाळी संपवून यायचा तेव्हा केसांत कापसाचे तंतू तसेच, आणि पहिला प्रश्न, "आज काय शिकवलं गं?" त्याला त्यातलं एक अक्षर कळत नसे, पण मान डोलवून ऐकायचा.

त्या हिवाळ्यात त्याच्या फुप्फुसानं हात टेकले. तीन आठवडे दवाखान्यात होता. पोर आईच्या बरोबरीनं उशाशी बसली, त्यात तिच्या बऱ्याच तासिका बुडाल्या. मग तो गेला. अँब्युलन्सनं त्याला खानदेशात गावी नेलं. तिथे चुलत्यानं पाय आपटले, पोरीच्या हातून अग्निडाग कसा द्यायचा म्हणून. पोर म्हणाली, माझा बाप आहे, मीच देणार. आणि दिला तिनं. मडकं खांद्यावर घेऊन फिरली. गावातल्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या, असं तिची आई मला नंतर म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला. मी ऑफिसात होते.

"ताई, माझी हजेरी काठावर आहे. आज राख सावडली की निघते. पुढचं सगळं चुलते करतो म्हणतात."

"वेडी आहेस का?" मी म्हणाले. "एवढं भांडून अग्निडाग दिलास आणि आता चुलत्याच्या हाती सोपवून येतेस? तेरा दिवस पुरे कर. तेराव्याची गंधमुक्ती करूनच ये. नियम आहे आपल्याकडे, मी स्वतः चढवलाय."

"नक्की ना, ताई?"

"अगं, मी सांगते ना!"

पोर्टल माझ्यासमोर उघडंच होतं. दोनदा बोट दाबलं असतं तर दिसलं असतं. नऊ दिवसांपूर्वीच त्या नियमाचं वर्ष भरलं होतं आणि तो यादीतून निघून गेला होता. मी बघितलं नाही. आपणच लावलेलं कुलूप कोण कशाला हलवून बघतं.

चौदाव्या दिवशी पोर उधना स्टेशनवर उतरली आणि थेट विद्यापीठात गेली. हातात अर्ज, मृत्यूचा दाखला, आणि गंधमुक्तीची छापील पत्रिका, तिच्यावर बापाचा लग्नातला फोटो. खिडकीवरच्या नव्या क्लार्कनं पोर्टलवर शोधलं. काही सापडलं नाही. पोर म्हणाली, नियम आहे, मला सांगितलंय. त्यावर तो म्हणाला, "तोंडी नाही चालत. हिरवं असेल तेच खरं." बिचाऱ्यानं मी शिकवलं तसंच केलं होतं. पोर माझ्या विभागात आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, ते म्हणतात नियमच नाही."

मी शोधलं. वर्ष भरून नियम यादीतून निघून गेला होता.

रजिस्ट्रार साहेबांकडे धावले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. "बेन, समिती बसेल, नियम पुन्हा मंजूर करेल. पण समिती परीक्षेनंतर." मी म्हणाले, साहेब, नुसती तारीख वाढवा, तुमच्या एका शब्दानं होईल. ते म्हणाले, "आणि नोंद? मागच्या तारखेनं कोणी हात लावला ते त्यात दिसणार. आपने ही तो बनाया है." ते टोमणा मारत नव्हते. खरंच कौतुकानं म्हणत होते.

आता जे सांगते ते मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. पोर्टलच्या मागच्या बाजूनं, नोंद होऊ न देता, ती तारीख बदलता येत होती. तो पासवर्ड एकट्या माझ्याकडे होता. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे डबा खायला गेले तेव्हा मी आत शिरले. तो रकाना समोर होता. जुन्या वर्षाचा आकडा पुसून नवा टाकायचा, बस. कोणाला कळलंही नसतं. मी बसून राहिले. माझी नोकरी, माझी दोन मुलं, साहेबांचा विश्वास, सगळं डोक्यात गरगरत होतं. भ्याले मी. सरळ सांगते, भ्याले. डबा खाऊन मंडळी हसत हसत परत आली तेव्हा मी स्क्रीन बंद केली होती.

परीक्षेला बसता न येणाऱ्यांची यादी लागली, त्यात तिचं नाव होतं. सात तासिका कमी.

त्या रात्री त्यांच्या घरी जायला माझे पाय उचलेनात. चार दिवसांनी गेले. वाटलं होतं, आई मला दारातच झाडेल. झाडलं असतं तर बरं झालं असतं. तिनं साड्यांचा ढीग बाजूला सारून मला जागा केली. "बैठ वं माय," ती म्हणाली. "आमनाकरता तू भलती धावपय करी." माझ्यासाठी शेजारून दूध आणून चहा केला. मी सांगितलं, नियम मध्येच बंद झाला. बंद झाला, असंच म्हणाले. जणू वीज गेली होती.

पोर पुढच्या वर्षी बसेन म्हणाली. मग पर्वत पाटियाच्या बाजूला साड्यांच्या मार्केटात पॅकिंगला लागली, कारण आईच्या एकटीच्या धाग्यांवर घर चालत नव्हतं. पुढच्या वर्षी फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा लग्नसराई होती आणि मालकानं सुट्टी दिली नाही. त्यानंतर मी तिला विचारायचंच सोडलं.

नियम आता पोर्टलवर आहे. समितीनं सुधारून मंजूर केला. तेराचे सात दिवस झाले, वर हिरवी पट्टी आहे, आणि खाली पुढच्या आढाव्याची तारीख. तो रकाना अजूनही रिकामा सोडता येत नाही. मी दोनदा लिहून दिलं, ते अजून विचाराधीन आहे.

परवा तिच्या बापाचं वर्षश्राद्ध होतं, दुसरं. मी गेले. तिनं सगळं तयार करून ठेवलं होतं, पण विधीला चुलत्याचा मुलगा बसला होता. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, तू का नाही बसलीस?

"तेव्हा बसले ते चुकलंच, ताई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तिसऱ्या दिवशी यायला हवं होतं. बापाला शिक्षण हवं होतं माझं, तेरावं कुठे हवं होतं. मीच हट्ट केला."

"अगं, तू नाही. तारीख मी टाकली होती," मी म्हणाले.

"कसली तारीख?"

आतून तिला कोणीतरी हाक मारली, पानं वाढायची होती. ती माझ्याकडे बघत तशीच थांबली.

"काही नाही," मी म्हणाले. "जा, बोलावतायत."