एका नावासाठी चोरलेला लॅपटॉप

नोकरीत चोरीचे असंख्य गुन्हे माझ्या हातून गेले. बहुतेकांचे तपशील आता पुसट झाले आहेत. एका जुन्या लॅपटॉपच्या चोरीचा तपास मात्र जसाच्या तसा लक्षात राहिला.

मी तेव्हा उमरगा भागात पोलीस निरीक्षक होतो. निवृत्तीला दीड वर्ष बाकी होतं. महामार्गालगत एका डॉक्टरबाईंचा दवाखाना होता. दर गुरुवारी दुपारी त्या एचआयव्हीचे रुग्ण तपासत. एका शुक्रवारी सकाळी त्या ठाण्यात आल्या. टेबलावरचा लॅपटॉप गेला होता. दाराचं कुलूप शाबूत होतं आणि दुसऱ्या कुठल्याही वस्तूला हात लागलेला नव्हता.

ठाणे अंमलदारानं किंमत विचारली. बाई म्हणाल्या, "नऊ वर्षं जुना आहे, भंगारातच जाईल. पण त्यात माझ्या पेशंटची नावं आहेत, गावासकट. ती बाहेर आली तर काहींना गाव सोडावं लागेल."

"म्हणजे चोरानं चालू केला की सगळं दिसणार?" मी विचारलं.

"दिसणार नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे." मला नीट कळलं नाही हे पाहून त्यांनी समजावलं. "आतलं सगळं सांकेतिक करून ठेवलंय. किल्ली असेल तरच वाचता येतं. नव्या लॅपटॉपमध्ये ती किल्ली सांभाळायला चिप असते. माझ्या जुन्यात ती नाही. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन चिपशिवाय चालवायची परवानगी द्यावी लागली आणि किल्ली पेनड्राइव्हवर ठेवली. लॅपटॉप सुरू करताना तो लावावाच लागतो."

"तो पेनड्राइव्ह कुठं आहे?"

त्यांनी पर्समधून काढून दाखवला. "असाच दुसरा सिस्टरकडं असतो. मला उशीर झाला तर ती सुरू करते."

दवाखान्याची किल्ली सिस्टरकडं, पेनड्राइव्हही तिच्याकडं. माझा संशय तिच्यावर गेला. आदल्या दिवशी कोण कोण आलं होतं त्याची यादी आम्ही केली होती. इन्व्हर्टर दुरुस्त करायला आलेला वायरमन त्यात होता. पण तो दवाखाना सुरू झाल्यापासूनचा माणूस. त्याच्यावर कुणाचाच संशय गेला नाही, माझाही नाही.

सिस्टर पंचेचाळिशीची, जवळच्याच खेड्यातली. महिला कॉन्स्टेबलच्या समोर मी तिला दोन तास तेच तेच प्रश्न फिरवून विचारले. ती रडली नाही की चिडली नाही. शेवटी तिनं गळ्यातल्या दोऱ्यात अडकवलेला पेनड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला.

"साहेब, गुरुवारी संध्याकाळी लॅपटॉप म्याच बंद केला. ह्यो काढून गळ्यात घातला. मला नावं पायजे असती तर खुर्चीत बसून लिहून घेतली असती. त्यासाठी लॅपटॉप कशाला न्यायचा? ज्यानं नेला त्याच्याकडं किल्ली न्हाय, म्हनून नेला."

तिचं म्हणणं बिनतोड होतं. मी जबाब तिथंच थांबवला आणि तिला गाडीनं घरी पोचवलं.

उमरग्यापासून नळदुर्गापर्यंत लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या दुकानांना आम्ही निरोप दिले होते. चौथ्या दिवशी दुपारी एका दुकानदाराचा फोन आला. तो हळू आवाजात बोलत होता.

"साहेब, एक माणूस लॅपटॉप घेऊन बसलाय. चालू केला की पेनड्राइव्ह लावा म्हनतंय. म्या म्हनलं, फॉरमॅट मारून देतो. तर म्हनतो, काई पुसू नका, आतलं जसंच्या तसं पायजे."

चोरीचा माल विकणारा आधी सगळं पुसायला सांगतो. याला लॅपटॉप नको होता, आतली माहिती हवी होती. मी साध्या वेशातले दोन शिपाई पाठवले. त्यांनी आणलेला माणूस तोच वायरमन होता. लॅपटॉपचा क्रमांक बाईंच्या पावतीशी जुळला. पंचांसमक्ष मुद्देमाल जप्त केला.

आधी तो म्हणाला, रस्त्यावर सापडला. मी वाद घातला नाही. चहा मागवला, तो पिऊ दिला आणि मग एवढंच विचारलं, "कुणाचं नाव शोधत होता?"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग सांगू लागला.

त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगा ट्रकवर ड्रायव्हर. एका गुरुवारी इन्व्हर्टरचं काम करताना त्याला तोच मुलगा दवाखान्यातल्या बाकड्यावर बसलेला दिसला. "बाईंना विचारलं, सांगितलं न्हाय. सिस्टरला विचारलं, तिनं तर हाकलूनच दिलं. लग्न तोंडावर आलं. काय करू, साहेब? लेकीचा जीव हाय." असं विचारणारे नातेवाईक दर गुरुवारी येत, म्हणून त्या दोघींनी ते मनावर घेतलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी, सिस्टर आवराआवरीत असताना, त्यानं बंद केलेला लॅपटॉप हत्यारांच्या पिशवीत घातला आणि ती पिशवी घेऊन तिच्या देखत बाहेर पडला.

लॅपटॉप तोच आहे आणि आतलं शाबूत आहे, हे पाहायला बाईंना बोलावलं. त्यांनी पेनड्राइव्ह लावला, स्क्रीन स्वतःकडं वळवली, दोन मिनिटं पाहिलं आणि लॅपटॉप बंद केला. वायरमन हात जोडून उभा होता.

"म्याडम, एकच नाव. व्हय का न्हाय, तेवढंच सांगा."

"उद्या तुमची मुलगी माझी पेशंट असली आणि मुलाचा बाप असाच इथं उभा राहिला, तर सांगू?" बाई म्हणाल्या. "बाकड्यावर बसणारा प्रत्येकजण आजारीच असतो असं नाही. कुणी सोबतीला येतं, कुणी नुसतं विचारायला. आणि आजार असला तरी औषधं घेऊन माणसं संसार करतात. लग्नाआधी दोघांची तपासणी करा. उघड विचारा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटलं, बाईंनी मान हलवली तर काय बिघडेल? मीही मुलीचा बाप आहे. पण मी लॅपटॉप उचलून मुद्देमालाच्या कपाटात ठेवला.

संध्याकाळी वायरमनची मुलगी त्याचा डबा घेऊन ठाण्यात आली. बापानं खाली मान घालून तिला सगळं सांगितलं. तिनं डबा टेबलावर ठेवला.

"आबा, मला सांगायचं ना. म्या त्यालाच विचारलं असतं."

ती अंगणात गेली आणि फोन लावला. काय बोलली ते ऐकू आलं नाही. फोन बराच वेळ चालला.

दुसऱ्या दिवशी वायरमनला कोर्टात हजर केलं. जामीन मंजूर झाला आणि जामीनदार म्हणून जो पुढं आला, तो होणारा जावईच होता. कागदावर सही करताना त्यानं सासऱ्याकडं एकदाही रागानं पाहिलं नाही. लॅपटॉप कोर्टाच्या हुकमानं बाईंना परत मिळाला. सिस्टरला ठाण्यात बोलावून मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुमचं कामच हाय ते," पण चहाला थांबली नाही.

पुढं ते लग्न झालं. त्या दोघांनी तपासणी केली का आणि अहवाल काय आले, मी विचारलं नाही.

पोलिसाला सवय असते, कुठलीही गोष्ट समोर आली की ती उघडून पाहायची. माहिती काढणं म्हणजेच तपास, असं मी तीस वर्षं मानलं. या गुन्ह्यात मला उलटं शिकावं लागलं. काही माहिती आपली नसते, आणि ती ज्याची आहे त्यालाच विचारणं हा सगळ्यात जवळचा रस्ता असतो. त्या मुलीला ते आधीच ठाऊक होतं. तिच्या बापाला चोरी करून कळलं, आणि मला निवृत्तीच्या तोंडावर.